उभा चारा आणि रचलेला चारा

गवत हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर त्यात नवल नाही. शहरातल्या माणसाचा गवताशी संबंध बागेतल्या हिरवळीपुरता. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा ह्या जलाशयांचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ह्याच डोंगरांवरचे गवत एके काळी मुंबईची घोडी आणि म्हशी पोसत होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या गवतावर तिथल्या शेतकऱ्याची स्वतःची गुरेही जगतात. म्हणून आज ज्या प्रश्नाचा विचार करायचा आहे तो दिसतो त्याहून मोठा आहे.

प्रश्न असा : पावसाळा संपल्यावर डोंगरउतारावर जे गवत उभे असते ते तसेच राखून त्यावर हिवाळाभर गुरे चारावीत, की ते कापावे, वाळवावे, रचून ठेवावे आणि दावणीला घालावे? पहिल्याला आपण ‘उभा चारा’ म्हणू, दुसऱ्याला ‘रचलेला चारा’. कापायला, बांधायला, वाहायला माणसे लागतात आणि उभ्या गवताला काहीच लागत नाही. तेव्हा गुरांना पाय आहेत, तोंड आहे, त्यांनी जाऊन खावे, ह्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पुढे पाहिले म्हणजे गाठ सुटण्याऐवजी घट्ट होते.

आधी भूमी पाहू. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. एकीकडे माहुलीचा डोंगर, दुसरीकडे माळशेज घाट, सिद्धगड, गोरखगड. मधून भातसा, काळू ह्या नद्या. पाऊस भरपूर, पण तो सारा जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. सखल भागात भाताची खाचरे आणि उतारावर वरकस जमीन. ह्या वरकसावर नाचणी, वरई होते आणि एरवी गवत. त्यापलीकडे सागाचे व ऐनाचे रान. कुणबी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली ह्या समाजांची ही वस्ती. गुरे बहुधा लहान चणीची व काटक. शहापूरच्या घाटाकडील भागात डांगी जातीची गुरे आढळतात. मुसळधार पावसात चिखलात उभे राहून काम करावे ती डांगी बैलानेच, असा तिचा लौकिक आहे.

गुरांचे वर्षही पावसाप्रमाणे चालते. आषाढ-श्रावणात गवत इतके माजते की खायला तोंड पुरत नाही. आश्विनात हळवे भात आणि त्यामागून कार्तिकात गरवे भात कापले जाते. खाचरे मोकळी होतात आणि गुरे त्यांत शिरतात. बांधावरचे गवत, भाताच्या खोडांना फुटलेले हिरवे कोंब, उतारावरचे पिवळे पडू लागलेले गवत ह्यांवर कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष हे महिने निघतात. माघापासून ओढाताण सुरू होते. चैत्र-वैशाखात रानात काही उरत नाही आणि मृगात तर बैलांच्या मानेवर जू ठेवायचे असते. ज्या वेळी जनावराच्या अंगात सर्वांत जास्त बळ हवे त्याच वेळी ते सर्वांत हडकलेले असते, ही ह्या भागातील पशुपालनाची मूळ अडचण. आता पुष्कळ ठिकाणी बैलांची जागा यंत्राने घेतली आहे. तरीही डोंगराकडच्या लहान खाचरांत बैल लागतोच, आणि गाय व्यायची तर तिच्याही पोटात चारा हवाच.

आता थोडे परदेशात डोकावू. कॅनडाच्या पश्चिम भागात हिवाळा पाच-सहा महिन्यांचा आणि बर्फाचा. तिथल्या गोपालकाचा सर्वांत मोठा खर्च हिवाळ्यात वाळलेले गवत खाऊ घालण्याचा. ते यंत्राने कापायचे, बांधायचे, वाहायचे, रोज पुढ्यात टाकायचे आणि साठलेले शेण पुन्हा यंत्राने शेतात न्यायचे. म्हणून तिथे एक निराळी रीत रूढ झाली. ओट किंवा सातूचे पीक उशिरा पेरायचे, थंडी पडण्याच्या सुमारास कापायचे आणि शेतातच ओळींनी पडू द्यायचे. गुरे बर्फ उकरून ते खातात. विजेच्या तारेचे कुंपण पुढे सरकवून रोज थोडाथोडा भाग मोकळा करतात. आल्बर्टा प्रांतातील लाकोम येथील संशोधन केंद्राने ह्या पद्धतीचा बराच अभ्यास केला आहे. काही ठिकाणी पावसाळी वाढीचे कुरण राखून ठेवतात आणि हिवाळ्यात त्यावर गुरे सोडतात. खर्च वाचतो, यंत्राचे तेल वाचते आणि शेण जागच्या जागी पसरते.

मग हीच रीत आपल्याकडे का आणू नये? तसे म्हटले तर ती आपल्याकडे आहेच, आपण तिला नाव दिलेले नाही इतकेच. पण ज्या कारणांमुळे ती तिथे यशस्वी होते ती कारणे इथे आहेत काय, हे तपासले पाहिजे. त्यासाठी गवताच्या पोटात आणि गुराच्या पोटात काय चालते ते समजून घ्यावे लागेल.

गाय गवत पचवते असे आपण म्हणतो. वास्तविक गवत पचवतात ते तिच्या पहिल्या मोठ्या पोटात राहणारे असंख्य सूक्ष्म जीव. काडीतला धागा तोडून त्याचे अन्न करणारे हे जीव म्हणजे गाईच्या पोटातले मजूर. मजुरांना भाकरी लागते तसे ह्या जीवांना प्रथिन लागते. चाऱ्यात प्रथिनाचे प्रमाण शेकडा सुमारे ७ च्या खाली गेले की त्यांचे काम मंदावते. काडी पोटात अधिक वेळ पडून राहते, पोट भरलेले वाटते आणि गाय कमीच खाते. रानात गवत पुरुषभर उभे आहे, गुरे दिवसभर चरत आहेत आणि तरी बरगड्या मोजता येतात, ह्या कोड्याचे उत्तर इथे आहे. गुरांचे पोट भरलेले असते. ती उपाशी असतात ती अर्थाने.

गवतातले प्रथिन सदा सारखे नसते. कोवळ्या पात्यात ते भरपूर असते. फुलोरा येईपर्यंत बऱ्यापैकी टिकते. बी धरले, पिकले आणि गळले म्हणजे पात्यातला कस बियांत आणि मुळांत निघून जातो. मागे राहते ती नुसती काडी. तिच्यात प्रथिन शेकडा ३-४ च्या आसपास. भाताच्या पेंढ्याचीही गत साधारण तीच, शिवाय त्यात वाळूसारखा सिलिकेचा अंश बराच. थंड देशांतल्या गवतांची वाढ थंडीने मध्येच अडते. ती पुरती पिकण्याआधीच गोठतात, म्हणून त्यांतला कस बराचसा टिकतो. आपल्याकडे पाऊस गेल्यावर ऑक्टोबरचे कडक ऊन पडते, गवत भराभर पिकते आणि पिकता पिकता निःसत्त्व होते. पहाटेचे दव त्याला भिजवते, दिवसाचे ऊन करपवते. पाती झडतात, काड्या उभ्या राहतात. तात्पर्य, कॅनडातला उभा चारा आणि मुरबाडचा उभा चारा ह्यांना नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत.

कुसळाची अडचण आणखी निराळी. ह्या उतारांवर मारवेल, पवना अशी चांगली गवते आहेत, तसेच कुसळी गवतही पुष्कळ आहे. जिथे चराई बेसुमार होते तिथे गुरे चांगले गवत आधी खाऊन टाकतात आणि कुसळी माजते. पावसाळ्यात तीही बरी चालते. परंतु बी धरल्यावर तिची टोकदार कुसळे गुरांच्या तोंडात, हिरड्यांत, कातडीत रुततात. गुरे ती टाळतात. कुसळे गळून गेल्यावर ती पुन्हा खाण्याजोगी होते खरी, पण तोवर तिच्यातला कस गेलेला असतो.

आणि सर्वांत मोठे भय वणव्याचे. फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या उतारावर एक ठिणगी पडली की चार महिन्यांचा चारा एका रात्रीत राख होतो. रान जाळले म्हणजे गवत चांगले येते अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. जळलेल्या ठोंबांना नवे कोंब फुटतात हे खरे. पण ते कोंब वाढायला पाऊस लागतो, आणि पावसाला अजून तीन महिने असतात. मध्यंतरी गुरांनी खायचे काय? रचलेली गंजी घराजवळ असते, तिच्यावर नजर राहते. उभा चारा डोंगरावर असतो, त्याला राखण कोणाची?

शेणाचा हिशेबही उलटा आहे. कॅनडात गोठ्यातले शेण उचलणे हा खर्च. म्हणून ते शेतात पडलेले बरे. ठाणे जिल्ह्यात भाताचे रोप करायचे म्हणजे राब भाजायचा. त्यासाठी शेण, पालापाचोळा, फांद्या आणि गवत जमिनीवर पसरून जाळतात आणि त्या राखेत बी टाकतात. ह्या कामाला गोठ्यातले शेण लागते. दिवसभर डोंगरावर पडलेले शेण शेतकऱ्याच्या दृष्टीने गेल्यातच जमा. म्हणजे त्यांचा तोटा तो आपला नफा आहे आणि त्यांचा नफा तो आपला तोटा.

मग रचलेला चारा श्रेष्ठ असा निकाल द्यावा काय? तोही देता येत नाही. कारण कापलेल्या गवतात कस राहायचा असेल तर ते फुलोऱ्याच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी कापले पाहिजे. नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस असतो, आणि नेमकी त्याच वेळी हळव्या भाताची कापणी येते. घरातली झाडून सारी माणसे खाचरात असतात. भात टाकून गवताकडे कोण जाईल? म्हणून गवताची पाळी भातानंतर येते. तोवर ते सोन्यासारखे पिवळे झालेले असते; दिसायला सुरेख आणि खायला फोल. कस गेल्यावर गवत कापायचे आणि कष्टाने रचायचे, तर उभ्या चाऱ्यातला तोटा पत्करून वर मजुरीही भरावी लागते.

ह्या उशिरा कापणीला व्यापाराचाही हातभार लागला. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, १८५४ साली ती कल्याणला पोचली आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत गेली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशने त्याच वाटेवरची. मुंबईत गाड्यांची, स्वारीची घोडी होती. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली; म्हशींचे तबेले शहरभर पसरले होते. ह्या सर्वांना वाळले गवत लागे आणि ते ठाणे जिल्ह्यातून जाई. वजनावर विकायच्या मालात वजन पाहिले जाते, कस पाहिला जात नाही. चांगल्या कुरणांची मालकी बहुतेक जमीनदार व व्यापारी ह्यांच्याकडे गेली, आणि ज्यांनी गवत कापायचे ते आदिवासी मजूर झाले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जिल्ह्याच्या उत्तर भागात वारल्यांनी संप केला. त्यांची मागणी होती ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला व माणसे दगावली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ही हकीकत दिली आहे. गवताच्या भाऱ्याला किंमत असते आणि ती कोणी तरी मोजलेली असते, हे ध्यानात राहावे म्हणून हा उल्लेख.

उभ्या चाऱ्यालाही अशीच एक न दिसणारी किंमत आहे. ती गुराखी मोजतो. हिवाळ्यात गुरे रानात न्यायची म्हणजे सकाळपासून सांजेपर्यंत कोणी तरी त्यांच्यामागे हवे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम आठ-दहा वर्षांच्या मुलांनी केले. चराई फुकट पडते असे आपण म्हणतो ते मुलाच्या दिवसाची किंमत शून्य धरून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी-कोसबाड भागात काम करताना हे ओळखले होते. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळा गुरांच्या मागे न्यावी, ह्या विचारातून त्यांनी कुरणशाळा चालवली. कल्पना थोर होतीच. पण गुराख्याच्या पोराला कुरण सोडता येत नाही ही वस्तुस्थिती तिच्यामागे होती, तीही विसरता कामा नये. आज मुले शाळेत जातात, जायलाच हवीत. साहजिकच गुराखी मिळत नाही आणि गुरे मोकाट सुटतात.

मोकाट गुरांमुळे नवा तंटा उभा राहतो. भातानंतर जमिनीत जी ओल राहते तीवर वाल, हरभरा होतो. जिथे कालव्याचे वा विहिरीचे पाणी आहे तिथे भेंडीसारखा भाजीपाला होतो. पूर्वी भात निघाले की सारे शिवार सर्वांच्या गुरांना मोकळे, असा गावोगाव अलिखित करार असे. आता एकाने वाल पेरला आणि दुसऱ्याची गुरे सुटी असली तर दोघांपैकी एक बुडतो. दुबार पीक घेणाऱ्याला चराईबंदी हवी असते. ज्याच्याकडे जमीन थोडी आणि गुरे चार, त्याला मोकळे रान हवे असते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. त्यात महामार्गाच्या कडेची वरकस जमीन बंगल्यांसाठी, गोदामांसाठी विकली जाते. तिच्याभोवती तारेचे कुंपण पडते. त्या जमिनीचा सात-बारा एकाच्या नावावर होता, पण तिच्यावरचे हिवाळी गवत अनेकांच्या गुरांनी खाल्ले होते. विकणाऱ्याला पैसे मिळतात, चारणाऱ्याला काही मिळत नाही.

मग करावे काय? आकड्यांनी पाहू. लहान चणीच्या प्रौढ जनावराला रोज सुमारे ५ किलो कोरडा चारा लागतो. चार जनावरे धरली तर दिवसाला २० किलो. कार्तिकापासून पौषाखेरपर्यंतचे ९० दिवस ती उभ्या चाऱ्यावर निघाली तर १,८०० किलो रचलेला चारा वाचतो. माघापासून मृगापर्यंतचे १३० दिवस मात्र २,६०० किलो चारा घरातून द्यावा लागतो. भाताचा पेंढा साधारण धान्याच्या वजनाइतका किंवा त्याहून काहीसा अधिक मिळतो. ज्याच्या घरी दोन टन भात होते त्याच्याकडे दोन-अडीच टन पेंढा झाला. म्हणजे उभा चारा हिवाळ्याच्या पहिल्या अर्ध्यासाठी आणि रचलेला चारा उन्हाळ्यासाठी अशी वाटणी केली तर गणित जवळजवळ जुळते. दोहोंपैकी एकावरच भिस्त ठेवली तर ते जुळत नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसे येथे म्हसोबाची मोठी जत्रा भरते आणि तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. जत्रेचा काळ पाहावा : उभा चारा संपत आला आहे आणि गंजीला अजून हात लागायचा आहे. पुढचे पाच महिने कोणाला पोसायचे आणि कोणाला विकायचे, हा हिशेब करायची हीच वेळ.

ही वाटणी नीट व्हायची तर चार गोष्टी कराव्या लागतील. पहिली, वरकसाचे तीन भाग करावेत. एकावर पावसाळ्यात गुरे चारावीत. दुसऱ्यावरचे थोडे तरी गवत उघडीप पाहून फुलोऱ्यातच कापावे. ते गाभण गाईसाठी आणि बैलांसाठी निराळे ठेवावे. तिसरा भाग पावसाळाभर राखावा आणि कार्तिकात उभ्याने चारावा. दर वर्षी भागांची अदलाबदल करावी, म्हणजे चांगल्या गवताला बी धरून पडायला अवसर मिळतो. दुसरी गोष्ट, उभ्या चाऱ्याला प्रथिनाची जोड द्यावी. वालाचा व हरभऱ्याचा भुसा, धामण-पांगाऱ्याचा पाला, बांधावरची शेवरी, गिरिपुष्प ह्यांतले रोज थोडे जरी पोटात गेले तरी ते सूक्ष्म मजूर कामाला लागतात आणि तीच फोल काडी अंगी लागते. तिसरी, पेंढ्यावर प्रक्रिया करावी. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पुरता विरघळवून शिंपडावा आणि तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावा. पेंढ्यातले प्रथिन त्याने सुमारे दुप्पट होते. मात्र सुका युरिया गुरांच्या तोंडी लागला तर ते विष आहे, आणि सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देत नाहीत. चौथी, पौषातच उताराभोवती जाळरेषा काढावी. दहा-बारा हात रुंदीचा पट्टा कापून स्वच्छ केला तर वणवा तिथे थांबवता येतो.

ह्यांपैकी दुसरी आणि तिसरी गोष्ट एकट्या शेतकऱ्याला करता येईल. पहिली आणि चौथी मात्र एकट्याच्या हातची नाही. माझा उतार मी राखला आणि शेजाऱ्याची गुरे सुटी असली तर माझी राखण व्यर्थ. मी जाळरेषा काढली आणि पलीकडचे रान पेटले तर माझे गवत वाचेलच असे नाही. तेव्हा हा प्रश्न शेवटी गवताचा राहत नाही, गावाने एकत्र बसून ठरवण्याचा होतो. कोणते शिवार कोणत्या तारखेपर्यंत बंद, कोणते केव्हा खुले, राखणदार कोण, त्याला सर्वांनी मिळून काय द्यायचे, आणि ज्याला जमीनच नाही त्याच्या दोन गुरांची सोय कुठे, हे भाद्रपदात, गवत हिरवे असतानाच ठरले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना वनातील चराईचे व सामूहिक वनसंपत्ती राखण्याचे हक्क मागण्याची वाट करून दिली आहे; त्या वाटेनेही ह्या ठरावांना आधार मिळू शकतो.

शहरातल्या माणसाने ह्यात काय करावे, असे कोणी विचारील. त्याने निदान एवढे करावे. माहुलीला किंवा माळशेजला सहलीला गेल्यावर पिवळ्या उतारावर चूल पेटवू नये, विडी-सिगारेटचे थोटूक टाकू नये. आणि स्वस्तात मिळणारा वरकसाचा तुकडा घेऊन त्याला कुंपण घालण्यापूर्वी, पौष महिन्यात त्यावर कोणाची गुरे चरत होती, हे एकदा गावात विचारावे.